काचमिस्त्रीची चोवीस भोकं

माझ्या धाकट्या भावाला सगळे काचमिस्त्री म्हणतात, आणि त्यापायी महिन्याला एखादा तरी माणूस फुटक्या खिडकीचं माप घेऊन आमच्या दारात उभा राहतो. भाऊ गवंडी आहे. आयुष्यात त्याने एकही काच बसवली नाही, लहानपणी फोडल्या मात्र दोन. नाव पडलं ते त्याच्या गिलाव्यावरून. त्याने हात फिरवलेल्या भिंतीवर माशी बसली तर घसरते, असं लोक म्हणायचे. माशीचं मला माहीत नाही. पाल घसरलेली मी स्वतः पाहिली आहे, आमच्याच स्वयंपाकघरात, आणि ती चहाच्या भांड्यात पडली. भाऊ म्हणाला, "बघ." त्याला चहाचं काही नव्हतं, भिंतीचं कौतुक होतं.

कुठे गेला की तो आधी भिंतीवरून तळवा फिरवतो, मग माणसांकडे बघतो. एकदा छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेला आणि तुमच्या भिंतीला फुगा आलाय, लवकर बघून घ्या, असं डॉक्टरलाच सांगून परत आला. छातीचं विचारायचं राहिलं.

त्याचं लग्न झालं नाही. माझं झालं आणि आटोपलं. तेव्हापासून आम्ही दोघं माझ्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. खाली माझं झेरॉक्सचं दुकान, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे वाचनालय. वाचनालयाची ती जुनी दगडी भिंत मी बावीस वर्षं रोज बघत आले आहे, कारण मशीन गरम होईपर्यंत बघायला दुसरं काही नाही.

त्या भिंतीच्या सांध्यांत पाकोळ्या राहायच्या. राहायच्या म्हणजे वर्षातले तीनेक महिने, अंडी-पिल्लं करण्यापुरत्या. बाकी सगळं त्यांचं हवेत. खाणं हवेत, पाणी पिणं उडता उडता, झोपसुद्धा हवेत म्हणे. हे मला सिस्टरांनी सांगितलं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. नोकरीत असताना वॉर्डातली माणसं मोजायच्या, निवृत्तीनंतर पाखरं मोजायला लागल्या. मोजायला त्यांना समोर बसायची जागा हवी, ती माझ्या दुकानाच्या पायरीवर सापडली. पायरीवरून त्या स्टुलावर आल्या, आणि एक दिवस बघते तर त्यांचा अख्खा पक्षीगट माझ्या दुकानात बसलेला. पाच माणसं, स्टुलं तीन, आणि पत्रकं फुकट काढून देणारी मी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी त्या गटाची सभासद कधीच झाले नाही. ते मात्र मला सहावी धरतात.

भाऊ त्यांच्यात आला तो माझ्या चष्म्यामुळे. मी चष्मा वर विसरले होते, तो द्यायला खाली आला. सिस्टर सांगत होत्या की मंडईच्या इमारतीत पूर्वी साठ जोड्या होत्या. ज्या वर्षी इमारतीला गिलावा झाला त्या वर्षी सगळ्या संपल्या, कारण ही पाखरं दरवर्षी त्याच भोकात परत येतात, दुसरीकडे जा म्हटलं तर त्यांना कळत नाही.

"तो गिलावा मी केला होता," भाऊ म्हणाला.

मशीनमधून एक कागद तेवढा बाहेर आला.

"छान झालाय," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. समोर जखम दिसली की चार बरे शब्द बोलायची त्यांची जुनी सवय.

भावाने चष्मा मला दिला आणि खाली बसला. स्टूल नव्हतं, कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. काही बोलायचा नाही. मी एकदा म्हटलं, "तुला काय कळतं रे पाखरांतलं?" तर म्हणाला, "भोकांतलं कळतं ना."

मग वाचनालयाच्या भिंतीला गिलावा करायचं ठरलं. दगडाच्या सांध्यांतून पाणी झिरपून पुस्तकं भिजत होती, हे खरंच होतं. वाचनालयाचे सचिव हे कायद्याने चालणारे गृहस्थ. घरी पाणी पितानाही ते वेळ टिपून ठेवत असतील. सिस्टर त्यांना भेटायला गेल्या, पाखरांचा नऊ वर्षांचा हिशेब घेऊन. सचिव म्हणाले, "यांतलं एकही आमचं वर्गणीदार नाही."

तेव्हा भाऊ मध्ये पडला. म्हणाला, गिलावा मी करतो, मजुरी निम्मी घेतो, पाणी आत येणार नाही याची हमी देतो. फक्त वरच्या ओळीत चोवीस भोकं ठेवू द्या, मागून बंद, पुढून उघडी. सचिवांनी आठ दिवस विचार करून पत्र दिलं. त्याच्या प्रती मीच काढल्या, त्यामुळे मला ते पाठ आहे. परवानगी एका हंगामापुरती. पुढच्या मोसमात ठरलेल्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत किमान एक जोडी भोकात आढळली, तर भोकं कायम. न आढळल्यास चोवीसही भोकं बुजवण्यात येतील, आणि ती मिस्त्रींनी स्वतः बुजवायची. भावाने सही केली. सिस्टर म्हणाल्या, "शेवटचं वाक्य कशाला हो कबूल केलंत?" तो म्हणाला, "दुसऱ्याने वाकडीतिकडी बुजवली तर?"

काम त्याने पाखरं दूरदेशी गेलेली असताना केलं. भिंत महिन्याभरात झाली, भोकांना नऊ दिवस लागले. भोकाचं तोंड जेमतेम हात शिरेल एवढं, आत हातभर पोकळी. तेवढ्या जागेत गवंड्याचा गुरमाळा शिरत नाही, म्हणून त्याने माझा वरणाचा डाव ठोकून चपटा केला आणि त्याने आतून घोटाई केली. हो, आतून. जिथे कोणाची नजर पोचणार नाही, तिथे. परांचीवर पालथा पडून, खांद्यापर्यंत हात भिंतीत घालून, डोळे मिटून तो तासन् तास घोटत बसायचा. मी खालून ओरडायचे, "अरे, आत काय आरसा लावतोस का?" तो म्हणायचा, "राहणाऱ्याला कळतं, ताई."

परांची उतरवायच्या आधी आम्ही सहाही जण वर चढलो. एकेकाने भोकात हात घातला. आत गारेगार, गुळगुळीत, एक कण हाताला लागत नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीसारखं केलंय हो मिस्त्री." सगळ्यांनी मान डोलवली. मीही डोलवली. पाखरांवर नऊ वर्षं नजर ठेवून असलेली पाच माणसं आणि एक मी, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही ते. आता सांगताना माझे मलाच चार शब्द सुनवावेसे वाटतात.

मोसम आला, पाकोळ्या आल्या. सकाळी दुकान उघडते तोवर आभाळभर त्यांचा चिरचिराट. आम्ही सगळे खुश. थेट भिंतीवर आल्या, जुन्या जागा शोधल्या, मग भोकांपाशी आल्या. वेगात यायच्या, भोकाशी फडफड करायच्या आणि मागे फिरायच्या. पुन्हा यायच्या. पुन्हा मागे. एखादी अर्धी आत जायची आणि उलटी बाहेर पडायची, कोणी ढकलून दिल्यासारखी. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, नवीन घर आहे, बुजतात. आठव्या दिवशी कोणी काही म्हणेना.

मग तज्ज्ञ जमले. रंग पांढरा आहे म्हणून असेल. सिमेंटचा वास असेल. तोंड मोठं झालं असेल, छोटं झालं असेल. माझ्याकडे दोन पानांची झेरॉक्स काढायला आलेला माणूससुद्धा अर्धा तास मत देऊन जायचा. सचिव रोज दहाला वाचनालय उघडायला यायचे, वर बघायचे आणि भावाला अगदी सभ्यपणे विचारायचे, "काय मिस्त्री, भाडेकरू?" भाऊ म्हणायचा, "येतील." दिवसेंदिवस त्याचं जेवण कमी व्हायला लागलं. मी ओरडले तर म्हणाला, भूक नाही. चौसष्ट वर्षांत त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

एक तारखेला अकरा दिवस उरले असताना एक पाकोळी भिंतीवर आपटून माझ्या पायरीवर पडली. पंख लांबच लांब, पाय जवळजवळ नाहीतच. जमिनीवरून तिला उठता येईना. सिस्टरांनी ती ओंजळीत घेतली, चेंगरलंय का ते बघितलं. काही झालं नव्हतं, नुसती घाबरली होती.

भावाने विचारलं, "एवढुसे पाय? चालते कशी?"

"चालत नाही. बसतही नाही. हिला फक्त लटकता येतं. ही बघा, चारही बोटं पुढे, आकड्यासारखी. खरबरीत दगडाला नखं रुतवायची आणि वर सरकायचं, एवढंच."

भाऊ बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिला. मग सिस्टरांना घेऊन रस्ता ओलांडून गेला आणि म्हणाला, "भिंतीला लावा तिला." सिस्टरांनी हात तसाच खाली धरून पाखरू गिलाव्याला टेकवलं. ते सरळ घसरत त्यांच्या तळव्यात आलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. मग भावाने आपली बाही पुढे केली. पाकोळी कापडाला अशी चिकटली की सोडवताना धागा निघाला.

"माझंच," भाऊ म्हणाला.

कोणी विचारलं नाही, काय म्हणून. सिस्टरांचा चेहरा पडला होता. नऊ वर्षं ज्या पायांकडे बघितलं, ते त्यांनाही आठवले नव्हते. वाचनालयाच्या गच्चीवरून त्यांनी पाखरू हवेत सोडलं. ते दगडासारखं खाली आलं, आणि मग वर गेलं. माझा जीव त्या मधल्या क्षणात अर्धा झाला. मी त्या गटाची सभासद नाही, तरीही झाला.

भाऊ सचिवांकडे गेला. भोकं आतून खरबरीत करायची आहेत म्हणाला, आणि प्रत्येक भोकाच्या खाली हाताच्या पंजाएवढी जागाही. सचिव म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज द्या, कार्यकारिणी महिनाअखेरीस बसते. म्हणजे तारखेच्या आदल्या दिवशी. भाऊ म्हणाला, "दुरुस्ती नाही. काम बिघडवायचंय." सचिवांनी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. काम बिघडवण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. म्हणाले, "मग मी काही पाहिलेलं नाही."

त्या रविवारी सकाळी भाऊ शिडी, छिन्नी आणि हातोडी घेऊन भिंतीशी गेला. चौसष्टाचं वय, गुडघे बोलतात. शिडीचा पाय धरायला वजनदार माणूस हवं होतं, ते घरातच होतं. मी दुकान बंद ठेवलं आणि शिडीवर सगळा भार टाकून उभी राहिले.

आपल्याच भिंतीवर टोचे मारणारा गवंडी बघायला गर्दी जमणारच. जो तो थांबून विचारत होता. "मिस्त्री, पैसे बुडवले का हो यांनी?" एक जण म्हणाला, "म्हातारपणी हात बिघडला बिचाऱ्याचा." बिचारा म्हटलेलं भावाला ऐकू गेलं. त्याची हातोडी थांबली. मला त्या माणसाच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण शिडी धरलेली होती. मग ठकठक पुन्हा सुरू झाली. इतक्या सुबक भिंतीवर प्रत्येक भोकाखाली एकेक खरूज उठल्यासारखी दिसायला लागली. मला बघवेना, त्याला कसं बघवत होतं देव जाणे.

दुपारपर्यंत पंधरा झाली. माझे हात भरून आले होते, ऊन डोक्यावर होतं. मी वैतागून म्हटलं, "पुरे कर रे! पंधरा बास झाली. एवढं काय त्या पाखरांचं देणं लागतोस?"

तो वरूनच बोलला, माझ्याकडे न बघता. "मंडईच्या वरच्या कोपऱ्यात शेवटचं भोक राहिलं होतं, ताई. आतून चिरचिर येत होती."

"उंदीर असतील."

"तेच सांगितलं असतं कोणी विचारलं असतं तर. उंदीर नव्हते. पिल्लं होती, मला कळलं होतं. पण माल कालवून झालेला. घट्ट व्हायला लागला होता. म्हटलं, घमेलंभर माल फुकट जाईल." हातोडीचे दोन ठोके पडले. "दुसऱ्या दिवशी परांची उतरवायला गेलो, तोवर आवाज बंद झाला होता. आईबाप दोघं बाहेरून भिंतीला धडका देत होते."

मला त्याचा राग आला आणि त्याची कीव आली, दोन्ही एकदमच. शिडी मी सोडली नाही. थोड्या वेळाने म्हटलं, "पुढचं कर." त्याने चोवीसही केली.

नंतरचे आठ दिवस आम्ही पाळीपाळीने भिंतीकडे बघत बसलो. पाकोळ्या यायच्या, खरबरीत जागेला क्षणभर चिकटायच्या, उडायच्या. आत जाताना कोणाला दिसल्या नाहीत. तसं तर पाकोळी पापणी लवायच्या आत भोकात शिरते, आणि माझ्याकडे परीक्षांचे दिवस, गिऱ्हाइकांची रीघ. एकदा मला वाटलं शिरली. सिस्टरांनी विचारलं, "खात्रीने?" मी खोटं बोलणार होते, पण त्या वॉर्डात असल्यासारख्या बघतात, खोटं निघत नाही तोंडातून.

एक तारीख उजाडली. सकाळी दहाला सचिव वही घेऊन भिंतीखाली उभे. भावाने न सांगता माल कालवला, घमेलं भरलं, शिडी लावली. सिस्टर म्हणाल्या, "मिस्त्री, ते म्हणालेत का अजून काही?" भाऊ म्हणाला, "सही माझी आहे." सिस्टरांनी एवढंच कबूल करून घेतलं की प्रत्येक भोक बुजवायच्या आधी आत हात घालून बघायचं.

मी शिडी धरली. पहिल्या भोकात त्याने हात घातला, चाचपलं, काढला, माल भरला. दुसऱ्यात तसंच. तिसरं, चौथं, पाचवं. दर वेळी शिडी सरकवायची, दर वेळी सचिव वहीत एक फुली मारायचे. सहावं बुजलं. सिस्टर रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सातव्यात त्याने हात घातला तो बाहेर काढेना.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"चावतंय," भाऊ म्हणाला.

त्याने हळूच हात काढला. बोटावर रक्ताचे तीन बारीक ओरखडे आणि एक पीस.

"बसून आहे. हलत नाही. खाली काहीतरी मऊ आहे," तो म्हणाला.

सचिवांनी घसा साफ केला. "पत्रात जोडी लिहिलेली आहे, मिस्त्री. एक म्हणजे जोडी नव्हे." मग घमेल्याकडे बघून म्हणाले, आणि ते वाईटपणाने म्हणाले नाहीत, खरोखर काळजीने म्हणाले, "माल घट्ट होतोय तुमचा."

"होऊ दे," भाऊ म्हणाला. मग मला म्हणाला, "ताई, शिडी मागे घे. भिंतीत भरलेला घट्ट होऊन चालणार नाही."

आम्ही उलटे गेलो. सहावं, पाचवं, चौथं. ओला माल त्याने नुसत्या बोटांनी उकरून काढला, खाली रस्त्यावर टाकला, आणि कडा तशाच फाटक्या ठेवल्या. पहिलं मोकळं करून उतरला तोवर घमेल्यात दगड झाला होता. मी दुकानातून स्टूल आणलं आणि सचिवांपुढे ठेवलं. म्हटलं, "बसा. दुसरं येईपर्यंत."

"वाचनालय उघडायचंय," ते म्हणाले. पण बसले.

तासभर कोणी हललं नाही. वाचायला आलेली माणसं बंद दारापाशी उभी राहून आमच्यासारखीच वर बघायला लागली. मग चिरचिराट करत पाच-सहा पाकोळ्या भिंतीवरून गेल्या, त्यांतली एक वळली, सरळ सातव्या भोकाखालच्या त्या ओबडधोबड टोच्यांवर आदळली, आणि चिकटली. चांगली दोन श्वास लटकून राहिली. मग वर सरकली आणि आत गेली.

सचिवांनी घड्याळ बघितलं, पेन उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, क्रमांक सात, जोडी एक, बारा वाजून वीस मिनिटं. खाली सही केली आणि दार उघडायला गेले.

भाऊ वाचनालयाच्या पायरीवर बसून रडत होता, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, लहानपणी काच फोडल्यावरही रडला नव्हता तसा. मी हात धुवायला बादली आणली. ओरखड्यांत सिमेंट गेलं होतं, झोंबत असणार. त्याला सुचत नव्हतं, म्हणून मीच त्याचा हात पाण्यात धरला आणि बोटं एकेक करून धुतली.